टोचणं सोमवारी, मोजणं बुधवारी

मँटू, म्हणजे टीबीचा संसर्ग आहे का हे पाहायला कातडीत द्यायची टोचणी, द्यायला अर्धं मिनिट लागतं. त्या जागी उठणाऱ्या टणक गाठीचा आकडा मिळायचा तर तोच माणूस तोच हात घेऊन ४८ ते ७२ तासांच्या आत परत समोर बसायला हवा, आणि रुग्णालयात काम करणारा माणूस नेमका त्याच वेळी नाइट ऑफवर असतो. कर्मचाऱ्यांमधल्या टीबी-संसर्गाची पाहणी जिथे जिथे घसरते तिथे बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. सुई, औषध, संख्याशास्त्र हे सगळं नंतर येतं.

पाहणीचा प्रश्न साधा आहे: इथे काम करणाऱ्यांपैकी किती जणांच्या शरीरात टीबीचे जंतू शिरलेले आहेत? आजारी किती, हा प्रश्न वेगळा. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अशी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ७२६ जणांच्या त्वचेची आणि रक्ताची अशा दोन्ही चाचण्या केल्या होत्या. दोन्हींत पॉझिटिव्हचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आलं, आणि दोहोंपैकी एक तरी पॉझिटिव्ह असलेले निम्मे निघाले. वय आणि नोकरीची वर्षं वाढली की संसर्गही वाढलेला दिसला. महाराष्ट्रात कुणीही नवी पाहणी आखायला बसलं की पहिला आधार हाच ४० टक्क्यांचा.

नमुन्याचं गणित इथूनच सुरू होतं. थीसिसवाल्यांचं लाडकं सूत्र, चार पी क्यू भागिले डीचा वर्ग: पी म्हणजे अपेक्षित टक्का ४०, क्यू म्हणजे उरलेला ६०, डी म्हणजे चालेल एवढी चूक ५ धरली तर ३८४. गंमत अशी की पी ५० धरून आणि चारऐवजी १.९६ चा वर्ग वापरूनही ३८४ च येतात. म्हणून कित्येक सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थीसिसच्या आराखड्यांमध्ये, हा आकडा नेमका कुठल्या वाटेने आला हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही. पण रुग्णालयात मुळात ९०० च माणसं असतील तर ३८४ लागत नाहीत. मर्यादित लोकसंख्येची दुरुस्ती केली की २७० पुरतात. दहा टक्के गळती धरायची असेल तर २७० ला ०.९ ने भागायचं, म्हणजे ३००. बरेच जण २७० मध्ये २७ मिळवून २९७ वर थांबतात. २९७ मधले दहा टक्के गळाले की हातात २६७ राहतात. फरक तिघांचाच, पण परीक्षक हमखास इथेच बोट ठेवतो.

यादी मात्र गणितासारखी सुटत नाही. आस्थापना शाखेकडे मागितली तर नियमित कर्मचाऱ्यांची मिळते. कंत्राटी सफाई कामगार तिच्यात नसतात, सुरक्षारक्षक नसतात, इंटर्न नसतात, नर्सिंगच्या विद्यार्थिनी नसतात, बदलीवर येणाऱ्या मावशी तर कुठल्याच यादीत नसतात. थुंकीच्या डब्या उचलणारा माणूस मोजणीतून सुटला तर त्या पाहणीला अर्थ काय? ठेकेदाराचं हजेरी-मस्टर, नर्सिंग कॉलेजची यादी, निवासी डॉक्टरांची यादी, असं चार ठिकाणाहून गोळा करावं लागतं आणि दुहेरी नावं काढावी लागतात. यात दोन आठवडे सहज जातात, ते वेळापत्रकात आधीच धरावेत. मग संवर्गवार चिठ्ठ्या काढायच्या. 'जे येतील ते' असं केलं की ज्यांना खोकला आहे किंवा धास्ती आहे तेच आधी येतात.

पूर्वी टीबीचे उपचार घेतलेल्यांचं काय करायचं, हेही इथेच ठरवून टाकावं. त्यांना टोचायचं नाही, कारण उत्तर माहीत आहे आणि हातावर मोठी प्रतिक्रिया उमटू शकते. पण त्यांना यादीतून पुसायचंही नाही. त्यातल्या काहींना तो आजार याच वॉर्डांत लागलेला असू शकतो. त्यांची संख्या वेगळ्या ओळीत द्यायची.

संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत पाहणी अडते ती वैद्यकीय मुद्द्यावर नव्हे, वरिष्ठ-कनिष्ठ या मुद्द्यावर. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्मचारी, विद्यार्थी, हाताखालची माणसं हा असुरक्षित गट धरला जातो. 'नाही' म्हणायची त्यांची मोकळीक कमी असते. इन्चार्ज सिस्टरने 'सगळ्यांनी उद्या हात दाखवायचाय' म्हटलं की वॉर्ड रांगेत उभा राहतो. ती संमती नव्हे. म्हणून संमती घेणारा माणूस त्या विभागाबाहेरचा हवा, इन्चार्ज त्या खोलीत नको, आणि कागद हातात दिल्यावर विचार करायला किमान एक दिवस द्यावा. सही झालेल्या कागदाची एक प्रत त्या माणसाकडे जायला हवी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या अंगठ्याला त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि पाहणीच्या टीममधला माणूस त्रयस्थ होत नाही.

मराठी संमतीपत्र हा तर वेगळाच विषय. इंग्रजी मसुद्यावरून उतरवलेल्या कागदात हमखास असं वाक्य असतं: 'सदर अभ्यासात आपली यादृच्छिक पद्धतीने निवड झाली असून प्रतिकूल घटना घडल्यास योग्य ती उपाययोजना करण्यात येईल.' सफाई विभागातल्या मामांना यातलं काय कळणार? त्याऐवजी असं लिहावं: 'तुमचं नाव चिठ्ठी टाकून निघालं आहे. टोचल्या जागी खाज सुटेल, लाल होईल, क्वचित फोड येईल. फोड आला तर आम्ही तपासू, त्याचा खर्च तुमच्यावर पडणार नाही.' कमिटीत एक सदस्य सामान्य नागरिक म्हणून असतो. मराठी कागद आधी त्याच्याच हातात द्यावा, डॉक्टरांच्या आधी. 'सुप्त क्षयरोग' हा शब्द तर आम्ही काढूनच टाकतो. ऐकणाऱ्याच्या कानात 'क्षयरोग' तेवढा राहतो आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात बोभाटा होतो. 'जंतू शरीरात शिरलेत, आजार झालेला नाही' हे लांब आहे, पण बरोबर आहे.

गुप्ततेच्या कलमात एक अपवाद प्रामाणिकपणे लिहावा लागतो. नुसता संसर्ग निघाला तर तो कुणालाही कळवायचा नाही, अधीक्षकांनाही नाही. पण तपासात प्रत्यक्ष टीबी निघाला तर शासनाला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, नाव निक्षय या शासनाच्या टीबी-नोंदणी पोर्टलवर जातंच. हे आधी न सांगता नंतर केलं तर तो विश्वासघात ठरतो. आणि पाहणी अर्ध्यावर आली की कार्यालयातून 'पॉझिटिव्ह लोकांची यादी द्या' असा निरोप येतोच, हेतू चांगला असला तरी. कमिटीच्या मंजुरीपत्रात 'नावनिशी यादी संस्थेला दिली जाणार नाही' ही ओळ मागून घेतलेली असली की वाद घालावा लागत नाही, पत्र दाखवलं की पुरतं.

आता ड्युटीचं कोडं. मेट्रन ऑफिसमधून महिन्याचा ड्युटी चार्ट घ्यायचा आणि प्रत्येक नावापुढे टोचायचा नव्हे, मोजायचा दिवस आधी लिहायचा. मोजायच्या दिवशी माणूस ड्युटीवर आहे ना हे पाहून मग दोन दिवस मागे यायचं. सोमवारी दुपारी दोनला टोचलं तर मोजणी बुधवारी दुपारी दोन ते गुरुवारी दुपारी दोन या वेळात. सकाळ पाळीच्या सिस्टरला हे जमतं: बुधवारी हँडओव्हर झाल्यावर, नाहीच तर गुरुवारी सकाळी. नाइट संपवून सोमवारी सकाळी आठला टोचून गेलेल्या सिस्टरचं बघा. मंगळवारी सकाळी तिच्या नाइट संपत असतील तर बुधवार-गुरुवार ती घरी, आणि घर दोन तासांच्या एसटीवर. शेवटच्या दोन नाइटवाल्यांना म्हणून कधीच टोचायचं नाही. आठवड्यातही सोमवार, मंगळवार, बुधवार एवढेच टोचायचे दिवस. गुरुवारचा ४८ वा तास शनिवारी पडतो आणि ७२ वा रविवारी. शुक्रवारचा तर विचारच नको.

७२ तास उलटून माणूस आला तर? मोठी गाठ असेल तर ती बरेच दिवस टिकते, पण हात सपाट दिसला तर तो आधीपासून सपाट होता की उतरला हे कळत नाही. त्यामुळे उशिरा आलेल्यांची नोंद वेगळी ठेवायची आणि त्यांचं काय करणार हे प्रोटोकॉलमध्ये आधी लिहायचं. आकडे पाहून ठरवायचं नाही. अलीकडे सुट्टीवर गेलेली मंडळी व्हॉट्सअॅपवर हाताचा फोटो पाठवतात. भाव चांगला, उपयोग शून्य. फोटोत लाली दिसते, आणि मँटूत लाली मोजतच नाहीत.

टोचण्याआधी व्हायल नीट वाचावी. पीपीडी आरटी २३, म्हणजे टोचायचं ट्यूबरक्युलिन, बाजारात वेगवेगळ्या ताकदीत येतं. आरटी २३ चे २ टीयू (ट्यूबरक्युलिन युनिट) हे अमेरिकी पीपीडी-एसच्या ५ टीयूंच्या तोडीचे मानले जातात. अमेरिकी पुस्तकातलं '५ टीयू' वाचून आरटी २३ चंही ५ टीयू मागवलं की पॉझिटिव्ह फुगतात. एकच ताकद, शक्यतो एकच बॅच, आणि बॅच नंबर प्रत्येक फॉर्मवर. साठवण २ ते ८ अंश, उजेडापासून दूर. सकाळीच तीस-चाळीस सिरिंज भरून ट्रेमध्ये मांडून ठेवायची सवय लसीकरणातून येते. इथे ती घातक. ट्यूबरक्युलिन काच-प्लास्टिकला चिकटतं, सिरिंजमध्ये पडून राहिलं की ताकद उतरते आणि दुपारच्या माणसांचे हात सकाळच्यांपेक्षा सपाट निघतात.

दुसरी चूक सिरिंजची. डोस ०.१ मिली. त्यासाठी १ मिलीची ट्यूबरक्युलिन सिरिंज आणि २६ किंवा २७ गेजची सुई लागते. ती संपली की कुणीतरी इन्सुलिनची सिरिंज पुढे करतं. इन्सुलिन सिरिंजवर मिली नसतात, युनिट असतात. यू-१०० वर (१ मिलीत १०० युनिट) १० ची रेघ म्हणजे ०.१ मिली, पण यू-४० वर (१ मिलीत ४० युनिट) ०.१ मिली म्हणजे ४ ची रेघ. यू-४० मध्ये १० पर्यंत भरलं तर त्या माणसाला ०.२५ मिली गेलं, अडीचपट. एकाच कपाटात दोन्ही सिरिंजा असतात.

डावा हात, पुढची बाजू, कोपराच्या घडीखाली चार बोटं. सुईचं तोंड वर, कातडीला जवळजवळ समांतर, आत जाताना सुईचं टोक कातडीखालून दिसत राहिलं पाहिजे. औषध गेलं की संत्र्याच्या सालीसारखा पांढुरका फुगा यायला हवा, ६ ते १० मिमीचा. फुगा आला नाही किंवा औषध बाहेर ओघळलं, तर दुसऱ्या हातावर किंवा किमान ५ सेंमी दूर पुन्हा टोचायचं आणि तसं लिहायचं. लपवायचं नाही, खोल गेलेली टोचणी परवा शून्य दाखवते. फुगा चोळायचा नाही, पट्टी लावायची नाही. जागा कळावी म्हणून पेनाने गोल काढतात, तोही नको. मोजणारा नकळत त्या गोलाचीच हद्द मोजतो. 'कोपरापासून ४ बोटं, आतल्या बाजूला' एवढं फॉर्मवर पुरे.

एमएमआरसारखी जिवंत विषाणूची लस गेल्या चार ते सहा आठवड्यांत घेतली असेल तर प्रतिक्रिया दबू शकते. नर्सिंगच्या नव्या तुकडीला प्रवेशाच्या वेळी लसी देतात, तेव्हा हा प्रश्न त्यांना आवर्जून विचारावा. लस त्याच दिवशी दिली तर मात्र चालतं.

मोजणी हा सगळ्यात नाजूक भाग, आणि ती बहुतेक ठिकाणी सगळ्यात नवख्या माणसाकडे दिलेली असते. हात कोपरात किंचित वाकवून टेबलावर ठेवायचा, उजेड बाजूने यायला हवा, डोक्यावरून नको. आधी बघायचं नाही, बोटांनी चाचपायचं. डोळे मिटून चाचपलं तर आणखी बरं, कारण डोळा लालीकडे धावतो. टणक भागाची कड सापडली की बॉलपेन घ्यायचं. कडेपासून एक-दोन सेंटिमीटर बाहेरून सुरुवात करून, मध्यम दाब देत, हळूहळू मध्याकडे रेघ ओढायची. टणक कड आली की पेन अडतं. तिथेच थांबायचं, उचलायचं. मग समोरच्या बाजूने तसंच. दोन रेघांच्या टोकांमधलं अंतर म्हणजे आकडा, आणि तो हाताच्या लांबीला आडवा मोजायचा. उभा व्यास बऱ्याचदा वेगळा येतो. जेल पेन इथे बिनकामाचं, ते कडेवरून घसरून पुढे जातं. हात तेलकट असेल तर आधी स्पिरिटने पुसावा, नाहीतर रेघच उमटत नाही.

दोन जणांनी स्वतंत्र मोजायचं. पहिल्याच्या रेघा स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्याला बोलवायचं नाही. मोजणाऱ्याला समोरचा माणूस टीबी वॉर्डातला की लेखा शाखेतला हे कळू नये, म्हणून प्रश्नावली दुसऱ्या टेबलावर. अर्थात, गणवेशात आलेल्या सिस्टरचं काय लपवणार. तेवढं सोडून द्यावं लागतं. फरक २ मिमीपर्यंत असेल तर सरासरी, जास्त असेल तर तिसरा माणूस. सपाट हाताला 'निगेटिव्ह' लिहायचं नाही, '० मिमी' लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे 'मोजलं नाही', शून्य म्हणजे 'मोजलं, काही नाही'. एक्सेलमध्ये हे दोन एकदा मिसळले की पुन्हा वेगळे होत नाहीत.

सगळ्यात छुपी खोड म्हणजे गोल आकड्यांचा मोह. पट्टी समोर असली की ९ चे १० होतात, १४ चे १५. आणि पॉझिटिव्हची सीमा १० मिमी असल्यामुळे हा मोह थेट निकालात उतरतो. पहिले पन्नास हात झाले की आलेख काढून बघायचा. १० आणि १५ वर सुळके आणि ९, ११, १४ वर खड्डे दिसले तर मोजणाऱ्याला पुन्हा शिकवावं लागतं. उपाय सोपा आहे: मोजणाऱ्याने फक्त कॅलिपर लावायचा, आकडा दुसऱ्याने वाचायचा.

टीबीच्या बीसीजी लशीमुळे सगळेच पॉझिटिव्ह येतील, ही शंका दर बैठकीत कुणीतरी काढतंच. आपल्याकडे बीसीजी जन्मतःच देतात, आणि बालपणीच्या लशीचा मँटूवरचा परिणाम दहा वर्षांनंतर फारच थोडा उरतो. पंचविशीच्या पुढच्या सिस्टरच्या १४ मिमीचं खापर बीसीजीवर फोडता येत नाही. तरीही शंका नको असेल तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी ही त्वचेची चाचणी आहे. तिच्यातली प्रथिनं बीसीजीच्या जंतूत नसतातच. टोचणं तसंच, मोजणं त्याच वेळात, सीमा मात्र ५ मिमी. ड्युटी चार्टचं कोडं अर्थातच तिथेही सुटत नाही.

रक्ताची चाचणी त्या कोड्यातून सोडवते, एकदा रक्त दिलं की माणूस मोकळा. मग अडचण प्रयोगशाळेकडे सरकते. क्वांटिफेरॉन प्लस या रक्तचाचणीच्या चार नळ्या, प्रत्येकीत १ मिली, भरल्यावर दहा वेळा हलवायच्या. हळू हलवल्या तर आतल्या भिंतीवरचं द्रव्य सुटत नाही, फेस येईपर्यंत घुसळल्या तर तळाचं जेल फुटतं. १६ तासांच्या आत ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये, आणि तिथे १६ ते २४ तास. त्या रात्री वीज गेली तर? इन्क्युबेटर जनरेटरच्या लाइनवर आहे का, हे पहिल्या रक्ताआधी विचारून घ्यावं. दोन्ही चाचण्या करायच्या असतील तर आधी रक्त, मग टोचणी. उलट केलं आणि रक्त तीन-चार दिवसांनी घेतलं तर टोचणीच रक्ताचा आकडा वाढवू शकते.

वर्षभराने तेच हात पुन्हा मोजायचे असतील तर सुरुवातीलाच दोन टप्प्यांत टोचावं लागतं. जुना संसर्ग कधीकधी पहिल्या टोचणीला गप्प बसतो आणि दुसरीला जागा होतो. म्हणून पहिल्यांदा निगेटिव्ह आलेल्यांना एक ते तीन आठवड्यांनी पुन्हा टोचायचं. हे टाळलं तर पुढच्या वर्षी तो जुना संसर्ग नवा म्हणून धरला जातो आणि ज्या वॉर्डात त्या व्यक्तीने ते वर्ष काढलं त्याच्या माथी दोष बसतो. खर्च आणि फेऱ्या दुप्पट होतात, म्हणून हा टप्पा सर्रास गाळतात.

निकाल बंद पाकिटात, आणि आत नुसता आकडा नको. १२ मिमी वाचून माणूस रात्रभर झोपत नाही. संसर्ग असलेल्यांपैकी आयुष्यभरात ५ ते १० टक्क्यांना आजार होतो, त्यातला मोठा वाटा पहिल्या दोन वर्षांत, हे साध्या भाषेत लिहावं. सोबत चार प्रश्न: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. एकाचंही उत्तर 'हो' असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकी. थुंकीसाठी सीबीनॅट किंवा गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट, म्हणजे जंतूचे जनुक शोधणारी चाचणी. आजार नाही असं ठरल्यावरच प्रतिबंधक गोळ्यांचा विचार, तोही फिजिशियनशी बोलून, यकृत आणि दारू यांची चौकशी करून. या फिजिशियनची वेळ आणि खोली क्रमांक पाकिटात छापलेला असावा. पाहणी सुरू होण्याआधी ही सोय झालेली नसेल तर सुरू करू नये.

विश्लेषणाला बसताना परत न आलेल्यांची वेगळी शीट काढायची: संवर्ग, पाळी, नोकरीची वर्षं. ही माणसं सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात. नाइटवाले आणि कंत्राटी यांची गळती जास्त असेल, तर संपूर्ण रुग्णालयाचा एकच टक्का छापणं चूक. संवर्गवार टक्के द्यायचे आणि प्रत्येकापुढे किती जण मोजणीला आले तेही.

पाकिटं मात्र ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे 'देऊन टाका तुमच्या बायकांना' म्हणून सोपवायची नाहीत. त्याने एकही पाकीट फोडलं नाही तरी कुणाला पाकीट जाड आलं आणि कुणाला पातळ, हे त्याला कळतं. म्हणून सगळी पाकिटं सारख्याच जाडीची करायची, निगेटिव्हवाल्यांतही तेवढेच कागद घालून. आणि दुपारी दोनच्या हँडओव्हरला, मोजणीच्या त्याच टेबलावर बसून, ज्याचं पाकीट त्याच्याच हातात द्यायचं.